‘क्लॉका’: घंटेचं घड्याळ कसं झालं

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं की एका स्वीडिश शब्दावर तासभर बोलण्यासारखं असतं तरी काय. प्रश्न रास्त आहे, म्हणून आपण सुरुवात आपल्याच एका वाक्यापासून करू.

रस्त्यात कोणी आपल्याला विचारतं, ‘किती वाजले?’ आपण मनगटाकडे बघतो, नाहीतर खिशातून मोबाइल काढतो, आणि सांगतो, ‘पाच वाजले.’ आता यात वाजलं काय? मनगटावरचं घड्याळ गप्प आहे. मोबाइल गप्प आहे. आपण आकडा डोळ्यांनी वाचला आणि सांगताना मात्र असं सांगितलं, जणू पाच टोले कानांनी मोजले. हे क्रियापद आपल्या तोंडात इतकं बसलंय की त्यातला आवाज आपल्याला ऐकूच येत नाही.

स्वीडिश माणसाचंही नेमकं हेच झालंय, फक्त आवाज राहिलाय दुसऱ्या जागी. तो विचारतो, ‘वा ए क्लॉकान?’ शब्दशः पाहिलं तर ‘घंटा काय आहे?’ उत्तर येतं, ‘क्लॉकान ए फेम’, म्हणजे ‘घंटा पाच आहे.’ आपण आवाज क्रियापदात ठेवला, त्यांनी नामात ठेवला. ‘क्लॉका’ हे ते नाम. चर्चच्या मनोऱ्यातली घंटा ती क्लॉका, भिंतीवरचं घड्याळ ती क्लॉका, मनगटावरचं घड्याळ तीही क्लॉका, आणि दाराची बेल तीसुद्धा ‘दारक्लॉका’. सकाळी उठवणारा गजर म्हणजे ‘उठवणारी क्लॉका’. अंडी उकडताना मिनिटं मोजणारं स्वयंपाकघरातलं छोटं यंत्र म्हणजे ‘अंडंक्लॉका’. निळ्या, उलट्या लोंबणाऱ्या एका रानफुलाला ते ‘ब्लोक्लॉका’ म्हणतात, निळी घंटा. 2021 मध्ये झालेल्या मतदानात त्यातलं छोटं ब्लोक्लॉका स्वीडनचं राष्ट्रीय फूल म्हणून निवडलं गेलं.

एकाच शब्दात घंटाही आणि घड्याळही, याचा गोंधळ होत नाही का? फारसा होत नाही, संदर्भाने कळतं. पण इतिहास वाचणाऱ्याला त्या एका शब्दात दोन वस्तू दिसतात आणि एकीच्या जागी दुसरी कधी आणि कशी आली हा प्रश्न पडतो. आज आपण त्या प्रश्नाच्या मागे जाऊ.

शब्द मुळात स्वीडिश नाही. त्याचा सगळ्यात जुना माग लागतो तो आयर्लंडमध्ये. जुन्या आयरिश भाषेत ‘क्लॉक’ म्हणजे घंटा. आवाजाचीच नक्कल असावी असा हा शब्द आहे. पण तुमच्या डोळ्यांसमोर पितळी, घणघणणारी घंटा येत असेल तर ती जरा बाजूला ठेवा. आयरिश साधूंची घंटा म्हणजे लोखंडी पत्रा वाकवून, रिव्हेट मारून चौकोनी डब्यासारखी केलेली आणि कांशाच्या रसात बुडवून काढलेली हातघंटा. संत पॅट्रिकची म्हणून ओळखली जाणारी अशी एक घंटा डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचा आवाज काही मंजुळ नसणार, गुराच्या गळ्यातल्या घंटेला जवळचा असेल. ‘क्लॉक’ या शब्दाचा ठोकळेबाज उच्चार त्या आवाजाला शोभतो.

मठात दिवसरात्र मिळून ठरावीक वेळी प्रार्थना व्हायच्या आणि प्रत्येक प्रार्थनेला घंटा वाजवून माणसं गोळा करायची. आयरिश साधू मोठे फिरस्ते होते. स्कॉटलंड, इंग्लंड, तिथून फ्रान्स आणि जर्मनी, जिथे गेले तिथे घंटा घेऊन गेले आणि घंटेबरोबर तिचं नावही. सातव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅडमनान नावाच्या मठाधिपतीने आयोना बेटावर संत कोलुम्बाचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात हा आयरिश शब्द लॅटिन प्रत्यय लावून ‘क्लॉका’ या रूपात येतो. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये घंटेला वेगळे शब्द होते, तरी हा परदेशी शब्द टिकला. पुढे त्याचं जर्मनमध्ये ‘ग्लोके’ झालं, फ्रेंचमध्ये ‘क्लोश’, डचमध्ये ‘क्लॉक’ आणि इंग्रजीत आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा ‘क्लॉक’.

या भावंडांचे अर्थ मात्र बघण्यासारखे आहेत. जर्मन आणि फ्रेंच शब्द घंटेपाशीच थांबले. इंग्रजी शब्द घंटा विसरला, घड्याळच झाला. स्वीडिश आणि डच शब्दांनी दोन्ही धरून ठेवलं. आणि गंमत म्हणजे आजच्या आयरिश भाषेत ‘क्लॉग’ म्हणजे घंटाही आणि घड्याळही. ज्या घरातून शब्द निघाला, त्या घरी तो नवा अर्थ घेऊन परत आला.

उत्तरेत घंटेचं स्वागत लगेच झालं असं समजू नका. नवव्या शतकात आन्सगार नावाचा धर्मप्रसारक डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये गेला. त्याचा शिष्य रिम्बर्ट याने त्याचं चरित्र लिहून ठेवलं आहे. त्यात हेडेबी या व्यापारी गावाची हकीकत येते. तिथल्या राजाने चर्चला परवानगी दिली आणि वर घंटा ठेवण्याचीही मुभा दिली. त्याआधी घंटा वाजवणं तिथल्या जुन्या धर्माच्या लोकांना अजिबात चालत नव्हतं. म्हणजे चर्चची इमारत एक वेळ चालेल, घंटा नको, अशी स्थिती होती. आम्हाला यात लोकांचा हट्ट दिसत नाही, समज दिसते. इमारतीकडे पाठ फिरवता येते, आवाजाकडे पाठ फिरवून भागत नाही. घंटा वाजली की ती ज्याच्या त्याच्या घरात शिरते. याच हेडेबीच्या जुन्या बंदरात 1978 मध्ये दहाव्या शतकातली एक कांशाची घंटा सापडली, बुडालेली. स्वीडिश लोककथांतले राक्षस चर्चवर प्रचंड शिळा भिरकावतात, त्यांनाही त्रास होतो तो घंटेच्या आवाजाचाच. शेतात एकटा पडलेला मोठा धोंडा दिसला की जुनी माणसं सांगायची, राक्षसाचा नेम चुकला.

स्वीडिश भाषेत ‘क्लॉका’ हा शब्द पक्का बसवला तो जर्मन व्यापाऱ्यांनी. तेराव्या शतकापासून ल्युबेक आणि हान्सा संघाच्या इतर शहरांतले व्यापारी स्टॉकहोम, काल्मार, विस्बी इथे मोठ्या संख्येने राहत होते. स्टॉकहोमच्या नगरसभेत तर 1471 पर्यंत निम्म्या जागा जर्मनांना ठेवलेल्या होत्या. त्यांच्या उत्तरी जर्मन बोलीतून स्वीडिशमध्ये शब्दांचा लोंढा आला. खिडकी, शिंपी, पैसे देणं, या अगदी घरगुती गोष्टींचे स्वीडिश शब्द तिथून आलेले आहेत. क्लॉका त्याच वाटेने आली. ल्युबेकचं नाव लक्षात ठेवा, थोड्याच वेळात ते पुन्हा येणार आहे.

आता घंटेचं घड्याळ कसं झालं? त्याआधी एक प्रश्न. घंटा नव्हती तेव्हा शेतकरी वेळ कशी बघत होता? बघत होता, हेच उत्तर. घराच्या उंबऱ्यात उभं राहिलं की सूर्य अमक्या टेकडीवर आला म्हणजे दुपार, तमक्या खिंडीत गेला म्हणजे तिसरा प्रहर. स्वीडनमध्ये ‘मध्यान्हाचा डोंगर’ अशा अर्थाची डोंगरांची नावं आजही नकाशावर आहेत. पण शेजारच्या वाडीतून बघितलं तर तोच डोंगर दुसऱ्या दिशेला. म्हणजे प्रत्येक घराची दुपार आपापली. त्यात उत्तरेकडचा हिवाळा. डिसेंबरात स्टॉकहोमलाच दिवस जेमतेम सहा तासांचा, आणि तोही ढगांत. अशा ठिकाणी मनोऱ्यावरून येणारा एक आवाज काय करत असेल, कल्पना करा. पहिल्यांदाच सगळ्या गावाची वेळ एक झाली, आणि ती कानांवाटे झाली.

चौदाव्या शतकात चर्चच्या मनोऱ्यांत यंत्रं बसू लागली. यांना आपण घड्याळं म्हणतो, पण यांतल्या बऱ्याच यंत्रांना काटेही नव्हते आणि तबकडीही नव्हती. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये 1386 च्या सुमाराचं यंत्र आहे, त्याला तबकडीच नाही. त्याचं काम एकच, ठरल्या वेळी घंटेवर हातोडा मारणं. म्हणजे घंटा वाजवणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र आलं, एवढंच. गावाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. तीच घंटा, तोच मनोरा. मग नवा शब्द कशाला हवा? तबकडी आणि काटे नंतर आले, ते घंटेला चिकटले आणि नाव घंटेचंच राहिलं.

लुंडच्या कॅथीड्रलमधलं खगोलीय घड्याळ ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे संक्रमण डोळ्यांनी दिसलं असेल. साधारण 1425 मधलं ते घड्याळ. लुंड तेव्हा डेन्मार्कमध्ये होतं, 1658 मध्ये स्वीडनकडे आलं. या घड्याळात सूर्य, चंद्र, राशी सगळं दाखवणारी तबकडी आहे, खाली पंचांग आहे, आणि माथ्यावर दोन घोडेस्वार एकमेकांवर वार करून तास वाजवतात. बघणाऱ्यासाठी तबकडी, ऐकणाऱ्यासाठी घोडेस्वार. 1837 मध्ये ते खोलून ठेवलं गेलं, आणि दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झालं ते 1923 मध्ये.

मराठीतही हेच झालंय, आणि ते आपल्या लक्षात येत नाही. ‘घड्याळ’ या शब्दाच्या मुळाशी घटिका आहे, पाण्यात सोडायचं भोक पडलेलं छोटं पात्र. लग्नातलं घटिकापात्र अजून काहींनी पाहिलं असेल. पात्र बुडालं की थाळीवर टोला द्यायचा. ती टोले द्यायची थाळी म्हणजे घड्याळ. हिंदीत ‘घड़ियाल’ हा शब्द त्या थाळीसाठी अजून आहे. आणि आपला ‘तास’ हा शब्द फारसीतून आलाय, त्याचा मूळ अर्थ वाटी, पात्र. पात्र, मग थाळी, मग थाळीवरचे टोले, मग दोन टोल्यांमधला काळ, असा तो सरकत गेला. घंटेपासून तासापर्यंत जाण्याची वाट स्वीडनने एकट्याने शोधलेली नाही.

इथपर्यंत ही शब्दाची गोष्ट झाली. पण क्लॉका हा शब्द स्वीडिश इतिहासात एका बंडाच्या नावातही आहे, आणि त्याशिवाय हा शब्द समजणार नाही असं आमचं मत आहे.

गुस्ताव वासा 1523 मध्ये स्वीडनचा राजा झाला. डेन्मार्कच्या राजाविरुद्धचं युद्ध त्याने जिंकलं ते ल्युबेकच्या जहाजांच्या आणि पैशांच्या जोरावर. ल्युबेकचे व्यापारी काही धर्मादाय करत नव्हते, त्यांना कर्ज परत हवं होतं. खजिना रिकामा. 1527 मध्ये राजाने वेस्तेरोसच्या सभेत चर्चच्या मालमत्तेवर हात ठेवला होताच. मग 1530 मध्ये शहरांतल्या चर्चकडून घंटा मागितल्या, आणि 1531 मध्ये हुकूम खेड्यांपर्यंत पोचला: प्रत्येक चर्चने एक घंटा द्यायची. कांशाच्या घंटेत चार भागांत तीनहून जास्त तांबं आणि उरलेलं कथील असतं. वितळवली की चोख माल. राजाच्या हिशेबात ती टांगून ठेवलेली धातूची रास होती.

गावाच्या हिशेबात ती काय होती? घंटा गावाने वर्गणी काढून घडवलेली असायची. जुन्या कॅथलिक प्रथेप्रमाणे तिचं बारसं व्हायचं, तिला नाव असायचं. मेलेल्याच्या नावाने ती वाजायची, आग लागली की वाजायची, शत्रू आला की वाजायची, वादळात वीज पडू नये म्हणूनही वाजवायचे. आणि रोजचा दिवस तीच मोजून द्यायची. अशी घंटा उतरवून न्यायला राजाचे अधिकारी आले तेव्हा गाव काय म्हणालं असेल?

दालार्ना प्रांताने हत्यार उचललं. याला स्वीडिश इतिहासात ‘क्लॉकउपरूरेत’, घंटांचं बंड, असंच नाव आहे. गावांनी उचलून नेलेल्या घंटा परत आणल्या, अधिकाऱ्यांना पिटाळलं. यात फक्त घंटा नव्हत्या हे खरं आहे. महागाई होती, नवा ल्यूथरन धर्म लोकांना रुचत नव्हता, प्रांताचे जुने हक्क जात होते. तरी बंडाला नाव मिळालं ते घंटेचं. याला आम्ही योगायोग मानत नाही. कर सगळ्यांनाच खुपतो, पण कुठल्या गोष्टीवरून माणूस उठतो ते पाहिलं की त्याला काय आपलं वाटतं ते कळतं.

या बंडाचा शेवट वाईट आहे. राजा आधी गोड बोलला, कारण त्याला उसंत हवी होती. 1533 च्या फेब्रुवारीत तो फौज घेऊन दालार्नात आला, तांब्याच्या खाणीपाशी लोकांना सभेला बोलावलं आणि सभेला फौजेने वेढलं. काहींचा तिथेच शिरच्छेद झाला. आस्पेबूदाचा मोन्स निल्सोन, रांकहिट्टनचा आंदेर्स पेर्सोन आणि इंगेल हान्सोन यांना स्टॉकहोमला नेऊन 1534 मध्ये मारलं. यातला आंदेर्स पेर्सोन कोण होता? 1520 मध्ये गुस्ताव डॅनिश सैनिकांपासून जीव वाचवत दालार्नात पळत होता तेव्हा तो याच्याच वाड्यावर आश्रयाला गेला होता. वेष बदलून त्याने तिथे मळणी केली असं सांगतात. दालार्नाच्या याच माणसांनी गुस्तावला राजा केलं होतं. गुस्ताव वासाला स्वीडनमध्ये राष्ट्राचा जनक मानतात, आणि राज्यकर्ता म्हणून त्याची कुवत कोणी नाकारत नाही. पण ही बाजूही त्याच खात्यावर लिहिलेली हवी. आणि ल्युबेकची गंमत पाहा: ज्या बंदराच्या माणसांनी क्लॉका हा शब्द आणून दिला, त्यांचंच कर्ज फेडायला क्लॉका निघाल्या होत्या.

घंटेला लूट म्हणून बघण्याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत. 1739 मध्ये वसई घेतल्यावर मराठ्यांनी पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा आणल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांतलीच. पण त्या वितळवल्या नाहीत, देवळांत टांगल्या. आवाज कायम ठेवला, मालक बदलला. गुस्तावने आवाजच काढून घेतला. दोन्हींत फरक आहे.

पुढच्या काळात घंटेचा मालक बदलत गेला आणि त्याबरोबर वेळेचाही. गावच्या चर्चमध्ये ‘क्लॉकारे’ नावाचा एक सेवक असे. घंटा सांभाळणं, वाजवणं हे त्याचं काम. शिवाय भजनाला सूर लावून देणं, मुलांना वाचायला शिकवणं, आणि एकोणिसाव्या शतकात देवीची लस टोचणं हेही बऱ्याच ठिकाणी त्याच्याच गळ्यात पडलं. लोखंडाच्या कारखान्यांत आणि मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर दुसरी घंटा आली, ‘वेलिंगक्लॉका’. वेलिंग म्हणजे पेज. पेजेची घंटा! कामाला बोलावणारीही तीच आणि पेज प्यायला सोडणारीही तीच. नाव मात्र लोकांनी पेजेवरून ठेवलं, कामावरून नाही ठेवलं. नाव ठेवणारे कोण होते ते यावरून कळतं. ही घंटा देवासाठी वाजत नव्हती, ती मालकाची होती. विसाव्या शतकात कारखान्याच्या दारात कार्डावर शिक्का मारणारं यंत्र आलं, तेव्हा त्यालाही ‘स्टेम्पेलक्लॉका’, शिक्क्याची क्लॉका, हेच नाव मिळालं. त्यातून घंटा कधीच गेली होती.

मग रेल्वे आली. स्टॉकहोम ते गोथेनबर्ग हा मुख्य मार्ग 1862 मध्ये पुरा झाला. तोवर प्रत्येक शहराची वेळ त्याच्या त्याच्या सूर्याप्रमाणे. गोथेनबर्ग पश्चिमेला, म्हणून त्याची घड्याळं स्टॉकहोमच्या साधारण 24 मिनिटं मागे. रेल्वेने वेळापत्रकासाठी गोथेनबर्गची वेळ धरली. का? कारण पूर्वेकडच्या गावचा प्रवासी आपल्या चर्चची घंटा ऐकून निघाला तर स्टेशनवर लवकर पोचेल, उशिरा नाही. गाडी चुकण्यापेक्षा फलाटावर ताटकळणं बरं. व्यवहारी डोकं आहे, नाही का?

1 जानेवारी 1879 पासून साऱ्या स्वीडनला कायद्याने एकच वेळ लागू झाली. असं करणाऱ्या पहिल्या देशांपैकी स्वीडन आहे. मध्य रेषा धरली ती स्टॉकहोमच्या वेधशाळेच्या तीन अंश पश्चिमेला. तीन अंश म्हणजे बारा मिनिटं. राजधानीने आपलं घड्याळ बारा मिनिटं मागे घेतलं, गोथेनबर्गने बाराएक मिनिटं पुढे. हापारांदा हे पूर्वेच्या टोकाचं गाव, तिथे सूर्याच्या आणि सरकारच्या वेळेत छत्तीस मिनिटांचं अंतर पडलं. ही नवी वेळ ग्रिनिचच्या एक तास आणि 14 सेकंद पुढे होती; ते 14 सेकंद 1900 च्या पहिल्या दिवशी काढून टाकले. गावची घंटा तीच राहिली, वाजत होती ती मात्र आता दूरच्या एका रेषेच्या हिशेबाने.

आणि दालार्ना? तिथे मूरा गावाजवळ ओस्तनूर नावाची वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या शेतकरी कुटुंबांनी घड्याळं करायला घेतली. जमीन थोडी, हिवाळा लांब, हाताला काम हवं. एका घरात दातेरी चाकं, दुसऱ्या घरात घंटा ओतायची, तिसरीकडे तबकडी, अशी कामाची वाटणी. फिरते विक्रेते ती यंत्रं पाठीवर घेऊन देशभर जायचे आणि लाकडी पेटी बरेचदा घेणाऱ्याच्या गावचा सुतार करून द्यायचा. पोट थोडं फुगलेलं, उभं, माणसाएवढ्या उंचीचं हे लंबकाचं घड्याळ ‘मूराक्लॉका’ म्हणून ओळखलं जातं. आतल्या यंत्राच्या माथ्यावर घंटा असते आणि ती तास वाजवते. ज्या प्रांतातल्या मनोऱ्यांवरून राजाने क्लॉका उतरवायला लावल्या, त्याच प्रांताने अडीचशे वर्षांनी घराघरात क्लॉका नेऊन उभी केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वस्त परदेशी घड्याळं आली आणि ओस्तनूरचा धंदा बसला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. स्वीडिशमध्ये घड्याळाला दुसराही शब्द आहे, ‘ऊर’. आपल्या छातीच्या उराशी याचा संबंध नाही. घड्याळजी तो ‘ऊरमाकारे’, घड्याळाची तबकडी ती ‘ऊरताव्ला’, सूर्यघड्याळ ‘सूलऊर’, आणि काट्यांच्या दिशेने फिरणं म्हणजे ‘मेदूर्स’. हाही शब्द उत्तर जर्मनीतून आला, पण त्याचा उगम लॅटिन ‘होरा’ आणि त्याआधी ग्रीक ‘होरा’. ओळखीचा वाटला? ज्योतिषी ‘होरा’ काढतात, ‘माझा होरा खरा ठरला’ असं आपण म्हणतो, तो हाच ग्रीक शब्द. वराहमिहिराने तो ‘अहोरात्र’ शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून झालाय असं सांगितलं आहे. युक्ती सुंदर आहे, पण शब्द ग्रीकांकडून ज्योतिषाबरोबर आला. म्हणजे स्टॉकहोमचा घड्याळजी आणि आपल्या पेठेतला ज्योतिषी शब्दाने नातेवाईक निघाले.

ऊर हा शब्द जरा शहाणा, दुकानाच्या पाटीवरचा, कारागिरांचा. बोलताना लोक क्लॉकाच म्हणतात. काही काम अगदी नेमकं जमलं की स्वीडिश तरुण म्हणतो, ‘क्लॉकरेन!’ घंटेसारखं निखळ. त्या वेळी त्याच्या मनात घंटा असते का? आपल्या मनात ‘पाच वाजले’ म्हणताना जेवढी असते तेवढीच. घंटा पूर्ण गेली असंही नाही. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता रविवारची सुरुवात सांगायला चर्चच्या घंटा अजून वाजतात. उप्सालाच्या किल्ल्यावरची, गुनिला राणीच्या नावाची घंटा सकाळी सहाला आणि रात्री नऊला वाजते.

1934 मध्ये स्वीडनच्या टेलिफोन खात्याने एक सोय केली. फोन उचला, ठरावीक नंबर फिरवा, की एका बाईचा आवाज तास, मिनिटं आणि सेकंद सांगतो आणि बरोबर क्षणाला एक पीप वाजतो. लोकांनी तिला ‘फ्रोकेन ऊर’ म्हटलं, म्हणजे घड्याळबाई किंवा कुमारी घड्याळ. सगळी क्लॉका डोळ्यांकडे गेल्यावर वेळ पुन्हा एकदा कानांनी मोजायची सोय झाली, फक्त तिचं नाव या वेळी ऊर पडलं. बोरोसच्या संशोधन संस्थेतल्या अणुघड्याळांवरून ती आपली वेळ लावून घेते. नंबर आहे 90510. स्वीडनमध्ये कोणाचे नातेवाईक असतील तर त्यांना फिरवून बघायला सांगा.